बुटकीची जागा

माकडिणींच्या पिंजऱ्यात जी आधी जाते ती राज्य करते, आणि जी शेवटी जाते तिचे हाल कुत्रा खात नाही. यात अकलेचा, ताकदीचा, रूपाचा फारसा संबंध नाही. एकमेकींना कधी न पाहिलेल्या पाच माकडिणी घ्या आणि रिकाम्या पिंजऱ्यात एकेक करून, मध्ये थोडे दिवस जाऊ देत, सोडा. पहिली आत जाऊन वरची फळी बळकावते, पाण्याची नळी आपल्या मालकीची समजते. दुसरी तिच्याशी जुळवून घेते. तिसरी, चौथी जागा बघून बसतात. पाचवी येते तोवर चौघींची गट्टी झालेली असते, आणि ही बिचारी पाहुणी म्हणून आत पाऊल टाकते ती मोलकरीणच होऊन बसते. माणसांत याला सासुरवास म्हणतात, शास्त्रात दर्जा म्हणतात. गोष्ट एकच.

गावाबाहेरच्या त्या संशोधन केंद्रात नेमका याचाच अभ्यास चालला होता. दर्जा खाली गेला की रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं काय होतं, रोगाशी झुंजायची अंगातली ताकद कुठे जाते, हे बघायचं होतं. त्यामुळे कोण कितवी जाणार हे कुणाच्या मर्जीवर ठेवून चालणार नव्हतं. एका वाटीत पाच चिठ्ठ्या टाकायच्या, न बघता एकेक काढायची, निघेल त्या क्रमाची ओळ. वाटी डॉक्टरिणीच्या ताब्यात असायची. ती जनावरांची डॉक्टर. केंद्राचे प्रमुख, ज्यांना सगळे सर म्हणत, त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती, आणि तिच्या कामात बोट ठेवायला जागा नसते असं सर चारचौघांत सांगत.

त्या सकाळी तिने चिठ्ठ्या काढल्या. जाडी, बुटकी, तुसडी, घारी. वाटीत एक उरली. ती उघडायचीही गरज नव्हती. बाळी.

बाळीची आई तिला जन्म देताना गेली होती. डॉक्टरिणीने ते मूठभर पिल्लू आपल्या टेबलाच्या खणात, जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून वाढवलं होतं. बाटलीने दूध पाजलं. लहानपणी बाळीची छाती भरली तेव्हा तिला कोटाच्या आत, पोटाशी धरून डॉक्टरीण घरी घेऊन गेली होती, आणि नवऱ्याने दोघींकडे बघून नुसता कपाळाला हात लावला होता. आता बाळी चांगली वाढलेली होती, छातीही खणखणीत होती, पण डॉक्टरीण गजांजवळ आली की ती वळून पाठ गजांना टेकायची. खाजव, असा त्याचा अर्थ. मग डॉक्टरीण दोन बोटं आत घालून तिचे केस विंचरायची, आणि बाळी डोळे मिटून घ्यायची.

अभ्यास सुरू झाला की हेही बंद होणार होतं. अभ्यासातल्या जनावराला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. मायेने खाजवलेली पाठसुद्धा रक्तात दिसते, असं सर म्हणायचे.

डॉक्टरिणीने टेबलावरच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मामा, आधी जाडी. मग बाळी. मग तुसडी, घारी. बुटकी शेवटी."

मामा म्हणजे पिंजऱ्यांची देखभाल करणारे. ते कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळ्या केंद्राचे ते मामाच. ते तिच्या मागेच उभे होते. त्यांनी चिठ्ठ्या बघितल्या, तिच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "चांगलं केलंत, बाई. बाळी आपली आहे."

त्या वेळी तिला ते शब्द गोड लागले. चिठ्ठ्यांचा चोळामोळा करून तिने टोपलीत टाकला. एवढंसं तर होतं. दुसरी पाचवी झाली, पाचवी दुसरी झाली. कोणाचं काय बिघडलं?

आणि बुटकीची तशी काळजी करण्यासारखं काही नव्हतंच. नावाप्रमाणे बुटकी, पण आगाऊ एक नंबरची. मामांची टोपी पळवायची, खिशातला रुमाल ओढायचा, आणि मामा रागावले की उलट त्यांनाच दटावायचं. "या बयेचं जगात कुठे काही अडणार नाही," असं मामा म्हणायचे. डॉक्टरिणीनेही मनाची समजूत तशीच घातली होती. बाळी नाजूक, बुटकी खमकी. खमकीला काय होतंय?

बुटकीची पाळी आली त्या दिवशी ती छाती काढून आत गेली. थेट वरच्या फळीकडे. जाडीने नुसती मान वळवली. पुढचं सगळं बाळीने केलं. फळीवरून उडी टाकून तिने बुटकीचं मानगूट धरलं. बुटकी उलटून तिच्या अंगावर गेली, नाही असं नाही, पण मागून तुसडी आली, घारी आली. चौघींपुढे एकटीचं काय चालणार? संध्याकाळी ती खालच्या फळीखाली, कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. दात विचकलेले होते, पण ते दटावणं नव्हतं. माकडीण घाबरली की असेच दात दाखवते.

डॉक्टरीण गजांपाशी उभी राहून बघत होती. बाळीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती जाडीच्या मांडीवर डोकं टेकून पडली होती आणि घारी तिची पाठ विंचरत होती. लेक सासरी रमली की आईला बरंही वाटतं आणि कुठेतरी लागतंही, तसं डॉक्टरिणीला झालं.

बुटकीला खायला कमी पडत होतं असं मुळीच नाही. भांडी भरलेली असायची, पाचच काय दहा जणींना पुरेल इतकी. मारझोड म्हणावी तर तीही फार नव्हती. होता तो धाक. बुटकीने दाणा उचलला की बाळी तिच्याकडे बघायची. नुसती बघायची. बुटकी दाणा टाकून मागे सरायची. पाणी प्यायचं तर आधी मान वळवून चौघी कुठे आहेत ते बघायचं, मग एक घोट, मग पुन्हा बघायचं. झोपसुद्धा एक डोळा उघडा ठेवून. सगळ्यांत वाईट म्हणजे तिला कुणी हात लावत नव्हतं. माकडिणींचं सगळं सुख एकमेकींच्या केसांत असतं. बुटकी प्रत्येकीपुढे जाऊन पाठ करून बसायची आणि जी ती उठून दुसरीकडे जायची. शेवटी ती आपल्याच हाताचे केस वेचायला लागली, इतके की कोपरापासून मनगटापर्यंत चामडी उघडी पडली.

आणि या सगळ्यात पुढाकार कुणाचा, तर बाळीचा. जाडीला राज्य आयतं मिळालेलं, ती आपली लोळत असायची. बुटकीच्या वाटेला जायची ती बाळी. डॉक्टरिणीला हे बघवत नव्हतं. जिला दूध पाजलं तिला रागवावं, तर ती बिचारी माकडीण. तिला जी जागा दिली तिथून ती वागत होती. जागा कुणी दिली?

रक्त तपासायची वेळ आली. काचेच्या बशीत पेशी ठेवायच्या, त्यात मेलेल्या जंतूंचा अंश टाकायचा आणि पेशी काय करतात ते बघायचं. जाडीच्या आणि बाळीच्या पेशींनी शहाण्यासारखं काम केलं. कामापुरता आरडाओरडा, मग शांत. बुटकीच्या पेशींनी गल्ली डोक्यावर घेतली. मेलेल्या जंतूंसाठी सगळं घर पेटवायला निघाल्या. सतत भीतीत राहिलेलं अंग असंच होऊन बसतं. नको तिथे आग करतं, आणि खरोखरची जखम भरायची वेळ आली की त्याच्याकडे काही उरत नाही.

सर मात्र खूश होते. "सुरेख," ते पडद्यावरच्या रेघांकडे बघत म्हणाले. "पहिलीपासून पाचवीपर्यंत कशी पायरीपायरीने गेली आहे बघ. तुझं काम चोख असतं म्हणून हे असं येतं."

"हो सर," डॉक्टरीण म्हणाली.

मग बुटकीच्या बोटाला जखम झाली. कशी झाली कोण जाणे, फळीचा कोपरा लागला असेल किंवा कुणाचा दात. एवढीशी. तशीच तुसडीलाही मागे झाली होती आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत भरूनही गेली होती. बुटकीची चिघळली. बोट सुजलं, मग पंजा. ताप चढला. डॉक्टरिणीने तिला दवाखान्याच्या खोलीत आणून एकटी ठेवली, औषध सुरू केलं, जखम धुतली. हातमोजे घालून धुतली, पण धुताना बुटकीने अंग ढिलं सोडलं आणि डोळे मिटले. कितीतरी दिवसांत तिला कुणी पहिल्यांदाच हात लावत होतं.

बुटकी सावरली. एका सकाळी तिने मामांच्या खिशातला रुमाल ओढला तेव्हा मामा म्हणाले, "आली बया ताळ्यावर." ताप उतरला होता. सर म्हणाले, "मग सोड तिला तिच्या जागी."

तिच्या जागी सोडलं आणि आठवडाही झाला नसेल, बोट पुन्हा चिघळलं. या वेळी सूज कोपरापर्यंत गेली. पुन्हा दवाखाना, पुन्हा औषध. पण आता रुमालाकडे ती बघतही नव्हती. अंगावर मांस राहिलं नव्हतं. ताप हळूहळू उतरत होता आणि डॉक्टरिणीचा जीव तसतसा वर चढत होता, कारण ताप उतरला की हिला पुन्हा आत सोडायचं होतं. आणखी एकदा त्या पिंजऱ्यात गेली तर बुटकी जगणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. औषध ती देत होती आणि आजारही तिनेच दिला होता.

घरी ती जेवणावरून तशीच उठली. नवरा शाळेत गणित शिकवायचा. बायको कामावरून गप्प गप्प आली की तो तिच्या माकडिणींची चौकशी करायचा. "काय म्हणतात आमच्या सासुरवाशिणी?" त्याने विचारलं.

डॉक्टरिणीने सगळं सांगून टाकलं. वाटी, चिठ्ठ्या, मामांचं बोलणं, सुजलेला हात.

तिची समजूत काढावी म्हणून तो म्हणाला, "हे बघ, कुणीतरी शेवटी जाणारच होतं ना."

"हो. पण बुटकी जाणार नव्हती."

"मग सरांना सांगून टाक."

"सांगितलं तर बाळीला शेवटी टाकतील."

"म्हणजे तुला बुटकीला वाचवायचंय, पण बाळीला धक्का न लावता."

"हो," ती म्हणाली. लाज वाटली, पण खरं तेच होतं.

"मग तू अजूनही चिठ्ठ्याच बदलतेयस," नवरा म्हणाला आणि ताटं उचलून आत गेला.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली ती खरं सांगायला नव्हे. आदल्या संध्याकाळचं सगळं मागे सारून, सकाळी तिने एक सोपी वाट शोधली होती. "सर, बुटकीची तब्येत बघता तिला अभ्यासातून काढावी असं माझं मत आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणून."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काढली तर घारी शेवटची होईल. उद्या तिचं बोट सुजेल. मग घारीलाही काढणार? असं करत करत शेवटी एकटी जाडी उरेल."

"पण ती मरेल, सर."

"मलाही आनंद होत नाही, बाई." ते एरवी तिला बाई म्हणत नसत. "आपण औषध देतोय, आणखी काय करणार? आणि तू स्वतःला लावून घेऊ नकोस. चिठ्ठी निघाली तशी ती गेली. त्यात ना तुझा हात, ना माझा."

हे ऐकलं आणि डॉक्टरिणीच्या आतलं काहीतरी सुटलं. "माझा आहे, सर," ती म्हणाली. "चिठ्ठी बुटकीची दुसरी निघाली होती. शेवटची बाळीची होती. मी बदलली."

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांना लावला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"का?" त्यांनी विचारलं.

"बाळीची छाती लहानपणापासून..."

"मग मला यायचं होतंस सांगायला. मी तिला आधीच वगळली असती. एका शब्दाचं काम होतं."

हे डॉक्टरिणीला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. पण वगळलेल्या माकडिणी दुसऱ्या केंद्रात पाठवत, आणि बाळी डोळ्यांआड जाऊ नये म्हणून ती गप्प बसली होती. छातीचं कारण तिने स्वतःलाही उगाच पुढे करून दाखवलं होतं. बाळीसाठी केलं असं ती इतके दिवस समजत होती, आणि तेही खरं नव्हतं. ते तिने स्वतःसाठी केलं होतं.

"आता वगळता येईल?" तिने चाचरत विचारलं.

"कशासाठी? तिची छाती ठणठणीत आहे म्हणून तूच मला सांगितलंस. आहे ना?"

"आहे."

"मग चिठ्ठीत निघाली तीच ओळ." सर उठून खिडकीपाशी गेले. "या पिंजऱ्याचं सगळं काम फुकट गेलं. ते मी वर कळवीन, तुझ्या नावासकट. वाटी आजपासून दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल. आता आहे त्याच पाच जणींची अदलाबदल करून उपयोग नाही, ओळखीच्यांत जुनीच ओळ राहते. नव्या, अनोळखी माकडिणींचे दोन गट करू. बुटकी बरी झाली की एका गटात दुसरी जाईल. बाळी दुसऱ्या गटात, शेवटी. सोडायला मामांना सांगतो. तू नसलीस तरी चालेल."

"नाही, सर," डॉक्टरीण म्हणाली. "मी सोडते."

बुटकी आधी गेली. अजून लंगडत होती, पण पिंजऱ्यात एकच माकडीण बसलेली बघून तिने हळूच फळीवर पाय ठेवला. काही झालं नाही. मग दुसरा ठेवला. दोघी बराच वेळ एकमेकींकडे चोरून बघत राहिल्या, आणि मग त्या पहिलीने बुटकीच्या उघड्या पडलेल्या हाताचे उरलेसुरले केस विंचरायला घेतले. बुटकी तिथेच आडवी झाली. तिचा हात नीट भरला. त्या सबंध वेळात औषधाचा एक थेंब लागला नाही. हातावर लव फुटायला लागली तेव्हा गजांजवळ वाकलेल्या मामांची टोपीसुद्धा तिने पळवली. पुढे त्याच पिंजऱ्यात शेवटची आली ती एक करडी, गरीब माकडीण. तिला कोपऱ्यात ढकलायला सगळ्यांत पुढे कोण होतं, तर बुटकी. डॉक्टरिणीने तेही बघितलं.

बाळीला सोडायच्या दिवशी डॉक्टरिणीने पेटी स्वतः उचलून आणली. पेटीचं तोंड पिंजऱ्याच्या दाराला लावलं. आत चौघी वरच्या फळीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. बाळीला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती पेटीतच वळली आणि तिने पाठ जाळीला टेकली, अगदी डॉक्टरिणीच्या बोटांसमोर. डॉक्टरीण दाराची कडी धरून उभी राहिली. मग तिने कडी ओढली. दार वर गेलं, बाळीने मागे वळून बघितलं आणि छाती काढून, थेट वरच्या फळीकडे चालू लागली. दुसरी होऊन राहायची सवय झालेली. पुढचं डॉक्टरिणीने बघितलं नाही. पण ऐकू आलं.

त्यानंतर ती रोज त्या पिंजऱ्यापुढे जाऊन उभी राहायची. काम नसायचं. बघायचं आहे म्हणून बघायची. बाळीचा खोकला सुरू होतो का, यासाठी कान लावून बसायची. बाळी खालच्या फळीखाली असायची. आता तिची पाठ विंचरायला कुणी नव्हतं, आणि म्हणून डॉक्टरीण तिला पुन्हा आठवली होती. पावलं ओळखून ती यायची, चौघींकडे बघत बघत, भिंतीच्या कडेकडेने, आणि गजांना पाठ लावून बसायची.

त्या दिवशीही बसली. तेवढ्यात मामा बादली घेऊन आले. त्यांनी बाळीची पाठ बघितली, डॉक्टरिणीचा चेहरा बघितला, बादली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. "मी काही बघत नाही, बाई," ते म्हणाले. "लावा हात. आपलीच आहे."

"नको, मामा," डॉक्टरीण म्हणाली. "इकडे बघा. मी इथे उभी आहे तोवर बघत राहा."

मामा वळले. डॉक्टरिणीने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि मुठी आवळल्या. बाळीने पाठ आणखी मागे रेटली, गजांमधून केसांचे झुपके बाहेर आले. एकदा तिने मान वळवून बघितलं, बोटं कुठे अडली म्हणून. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग गजांपासून सरकली, फळीखाली गेली, आणि आपल्याच हाताचे केस वेचायला लागली.